कंदुरी, दालचा आणि सांदण

ईद जवळ आली की आम्हाला एक प्रश्न ठरलेला असतो. कार्यालयातले, शेजारचे, मुलांच्या मित्रांचे आईवडील, सगळे प्रेमाने विचारतात, 'मग, बिर्याणीला कधी बोलावताय?' प्रश्नात आपुलकीच असते. तरीही तो ऐकताना आम्ही दरवर्षी थोडे अडखळतो. आमच्या आजीने उभ्या आयुष्यात किती वेळा बिर्याणी केली, हे मोजायला हाताची बोटे पुरतील. तिच्या चुलीवर पिकायचा तो दालचा, आंबाडी-गोश्त, ज्वारीची भाकरी आणि पाट्यावर वाटलेली लसणाची चटणी. बिर्याणी आली ती लग्नाच्या मंडपातून आणि हॉटेलच्या पाटीवरून. अलीकडे तर आम्हीही पाहुण्यांना सांगू लागलो आहोत की बिर्याणी हेच आमचे पारंपरिक जेवण. दुसऱ्यांनी आम्हाला एका पदार्थात कोंबले ही तक्रार रास्त आहे, पण त्या डब्यावर झाकण आम्हीच लावले.

म्हणून या वेळी जरा मागे जाऊन आमच्या चुलीचा माग काढावा असे वाटले.

सुरुवात कोकणापासून करावी लागते, कारण मराठी मुलखात मुसलमान पहिल्यांदा वसले ते घोड्यावरून आलेले नव्हेत, गलबतातून आलेले. अल्-मसूदी हा अरब प्रवासी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916 च्या सुमारास, चौल बंदरात आला होता. त्याच्या लेखी हे गाव 'सैमूर'. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असे त्याने नोंदवले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले व्यापारी त्यांत होते, आणि 'बयासिरा' म्हणवणारेही होते. बयासिरा म्हणजे इथेच जन्मलेले मुसलमान. आम्हाला या नोंदीतला हा शेवटचा शब्द सगळ्यात मोलाचा वाटतो. दर्यावर्दी बाप बसऱ्याचा असला तरी चूल बहुधा इथल्या आईची होती, आणि घरात काय शिजायचे ते चूलच ठरवते. बसऱ्याचा माणूस खजूर आणि गव्हाची रोटी विसरून तांदळाची भाकरी आणि माशाचे कालवण खाऊ लागला, ते काही कुणाच्या हुकमाने नव्हे.

कोकणी मुसलमानांच्या घरातले सांदण हा त्याचा चालताबोलता पुरावा. तांदळाचा रवा, नारळाचे दूध, आंबवायला थोडी ताडी. मिश्रण फुगून आले की वाट्यांत घालून वाफवायचे. मऊ, जाळीदार सांदण मटणाच्या रश्शाबरोबर खातात, नाहीतर गोड नारळाच्या दुधात बुडवून. शेजारच्या हिंदू घरात सांदण होते ते बरक्या फणसाच्या रसाचे. खाली गोव्यात ख्रिश्चन घरात तेच 'सान्ना' होते आणि तिथेही पीठ फुगवायला ताडीच लागते. तीन धर्मांच्या तीन घरांत एकच वाफ. (ताडीबद्दल आमच्यातल्या काही कडक मंडळींच्या कपाळावर आठी पडते. आता बहुतेक घरांत यीस्ट वापरतात. जुन्या बायकांचे मत मात्र ठाम, यीस्टच्या सांदणाला ती चव नाही.)

घाटावरची गोष्ट वेगळी. इब्न बतूता चौदाव्या शतकात या बाजूला आला तेव्हा नंदुरबारच्या मराठ्यांचे जेवण त्याने लिहून ठेवले. भात, भाज्या आणि तिळाचे तेल. जेवणापूर्वी ते स्वच्छ आंघोळ करतात, याचेही त्याला कौतुक वाटले. हिंदुस्थानातले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून, वर तूप घालून सकाळी खातात, हेही त्याने टिपले आहे. म्हणजे आपली खिचडी. पुढे अबुल फज़लच्या 'आईन-ए-अकबरी'त ही खिचडी बादशाही मुदपाकखान्यात पोचलेली दिसते. तिथे तांदूळ, डाळ आणि तूप तिन्ही समान वजनाने घालायला सांगितले आहे! एवढे तूप पचवायला बादशाहीच हवी. आमच्या घरी मोहरमच्या दहाव्या दिवशी होणारा खिचडा गहू, डाळी आणि गोश्त घोटून करतात. त्याचे नाते त्याच ग्रंथातल्या हलीमशी लागते, पण नाव मात्र त्याने खिचडीचे घेतले.

'मुदपाकखाना' हा शब्द वर सहज येऊन गेला. शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांत स्वयंपाकाच्या खात्याला हेच नाव होते. मूळ अरबी 'मत्बख', म्हणजे स्वयंपाकघर. मराठी जिभेवर त्यातला 'पाक' इतका चपखल बसला की तो शब्द संस्कृतच वाटावा. पुढे महाराजांच्याच सांगण्यावरून 1677 च्या सुमारास 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. त्यात 'भोग्यवर्ग' म्हणून एक वेगळा वर्गच करावा लागला. खाण्यापिण्यातले आणि उपभोगाच्या वस्तूंचे फारसी शब्द किती आत शिरले होते, ते यावरून कळते. त्यांतले बरेच आजही हललेले नाहीत. मसाला, मैदा, हलवा, बर्फी, मुरंबा, सरबत, खिमा, बदाम, तवा, चमचा, पेला, आणि भांड्याला लावायची कलई. त्याच शतकातल्या रघुनाथ नवहस्त यांच्या 'भोजनकुतूहल' या संस्कृत ग्रंथात जिलबी आहे, पण 'कुंडलिका' या नावाने. अरबांचा 'जलाबिया' असा वेटोळे घेत पंक्तीत येऊन बसला. आता लग्नाच्या पानात जिलबी वाढताना ती कुठून आली हे कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये.

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, नान-खलियाची कथा सगळ्यांना ठाऊक असते. महंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, त्या लवाजम्यासाठी मोठमोठ्या देगांत खलिया आणि तंदुरात नान करावे लागले, असे सांगतात. कथा गोड आहे. 'कलिया' हे नाव जुने आहे हेही खरे, 'आईन'मध्ये ते येते. पण आज तिथे ताटात जो लालभडक, तर्रीवाला खलिया पडतो तो तुघलकाच्या शिपायांनी खाणे शक्य नाही. कारण मिरचीच नव्हती. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये आदिलशाहीकडून गोवा घेतला आणि त्यानंतरच्या काळात अमेरिकेतली मिरची, बटाटा, काजू, अननस त्यांच्या जहाजांतून इथे उतरले. इ.स. 1500 च्या आसपास मांडूच्या सुलतानांसाठी लिहिलेला 'निमतनामा' हा सचित्र पाकग्रंथ पाहावा. समोशांचे कितीतरी प्रकार त्यात आहेत, सुगंधी द्रव्यांची तर रेलचेल आहे, मिरची कुठेही नाही. तोवर तिखटपणा मिऱ्याचा आणि आल्याचा. मिऱ्यावरूनच आपण नव्या पाहुणीला 'मिरची' म्हटले. तेव्हा ज्या तिखटावरून कोल्हापूर, खानदेश आणि मराठवाडा एकमेकांशी पैजा लावतात, ते तिखट आमचेही नाही आणि तुमचेही नाही. दोघांनी ते एकाच फिरंग्याकडून घेतले.

दरबार आणि बंदरे सोडून गावात आलो की गोष्ट अधिक जवळची होते. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 मध्ये 'गावगाडा' लिहिला. त्यात गावच्या वतनदारांमध्ये मुलाणा आहे. मशिदीची देखभाल आणि बकरे हलाल करणे ही त्याची कामे. कितीतरी गावांत मराठा, धनगर, माळी घरांतला बोकडही मुलाण्याच्या सुरीखालूनच जात असे, आणि त्याचा वाटा ठरलेला असे. पिराला बोललेला नवस फेडायचा तर कंदुरी. 'कंदुरी' हा मूळ फारसी शब्द, अर्थ जेवणासाठी अंथरलेले दस्तरखान. इथल्या मातीत तो बोकडाच्या जेवणाचे नाव झाला. नवस पाटलाचा, बोकड पाटलाचा, बिसमिल्ला मुलाण्याची, भाकऱ्या साऱ्या भावकीच्या, आणि पीर सगळ्यांचा. दर्ग्यावर नैवेद्य मलिद्याचा असतो. गव्हाची जाड रोटी कुस्करून, तूप-गूळ घालून मळलेला. उरसात हा मलिदा घेऊन येणाऱ्या बायांपैकी कपाळावर कुंकू असणाऱ्या किती आणि नसणाऱ्या किती, हे आम्ही लहानपणी कधी मोजले नाही. आता काही गावांत कंदुरी बंद पडल्याचे ऐकतो. काही ठिकाणी आमच्याच माणसांनी ती शरीयतला धरून नाही म्हणून नाक मुरडले, काही ठिकाणी दुसऱ्यांना पीर परका वाटू लागला. कारणे दोन्ही बाजूंची, पंगत एकच मोडली.

मोहरमचे चोंगेही असेच मागे पडले. गव्हाच्या पिठाच्या गोड रोट्या, वर बोटांनी चिमटे काढून पाडलेली नक्षी, तूप, गूळ आणि खसखस. आमच्या गल्लीत पंजे बसायचे तेव्हा प्रत्येक घराची नक्षी वेगळी असे आणि चोंगा पाहून घर ओळखता येई. रमज़ान ईदचा शीरखुर्मा मात्र टिकला. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर, दोन्ही शब्द फारसी. पण त्यातल्या शेवया उन्हाळ्यात अंगणातल्या बाजेवर वाळायच्या त्या गल्लीतल्या सगळ्या बायकांनी मिळून वळलेल्या. त्यातल्याच अर्ध्या शेजारच्या काकूंच्या डब्यात जात.

आणि दालचा. हा आमच्या गरिबीचा शहाणपणा. हरभऱ्याची डाळ हळद घालून मऊ शिजवायची आणि रवीने घोटायची. हाडाचे गोश्त आले-लसूण, कांदा आणि तिखटावर परतून शिजवायचे. त्यात दुधी भोपळ्याच्या मोठ्या फोडी, मग डाळ, मग चिंचेचा कोळ. शेवटी तेलात जिरे, ठेचलेला लसूण, सुकी लाल मिरची आणि कढीपत्ता यांचा बगार. किलोभर गोश्तात पंधरा माणसे पोटभर जेवतात, सोबत बगारा खाना, नाहीतर नुसता भात. बड्याचे गोश्त हे गरीब घरातले स्वस्त गोश्त. 2015 मध्ये महाराष्ट्राच्या 1976 च्या प्राणी रक्षण कायद्यात दुरुस्ती झाली, गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यानंतर कितीतरी घरांत दालच्यातल्या बोट्या कमी आणि दुधीच्या फोडी जास्त झाल्या. म्हशीला बंदी नाही, पण भीतीला कलम लागत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात तर आता निव्वळ दुधीचाच दालचा होतो. घरातली म्हातारी त्याला दालचा म्हणायला तयार नाही, 'खट्टी दाल' म्हणते.

हे सगळे लिहिले कुणी? मराठीत छापील पाकपुस्तकांची परंपरा रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 1875 च्या 'सूपशास्त्रा'पासून धरतात. 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' आले, 1970 मध्ये कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा'. 'रुचिरा' आमच्या घरीही होते, पाने हळदीने पिवळी झालेली. अम्मी त्यातून पुरणपोळी शिकली. पण तिच्या दालच्याची कृती तिने कधी कागदावर उतरवली नाही, आणि आम्ही लिहिणारे, वाचणारे मुलगे तिला कधी विचारायला गेलो नाही. कथा, कविता, ठराव, परिसंवाद यांत आम्ही आमची ओळख शोधत राहिलो आणि स्वयंपाकघरातून येणारा वास मात्र फुकट गेला.

गेल्या वर्षी घरात एक लग्न झाले. मंडपात केटररची बिर्याणी होती, त्याला इलाज नाही. पण हळदीच्या रात्री मागच्या अंगणात तीन दगडांवर देग चढली आणि ऐंशीच्या घरातल्या खालाने दालचा केला. आमची भाची वही घेऊन शेजारी बसली. 'खाला, तिखट कितना?' तर खाला म्हणाली, 'अंदाज से डाल, हात कू मालूम रहता.' भाचीने ऐकले नाही. आतून वजनकाटा आणला आणि प्रत्येक जिन्नस देगेत पडण्याआधी खालाला मूठ काट्यावर रिकामी करायला लावली. खाला आधी चिडली, मग हसायला लागली, मग स्वतःच आकडे विचारू लागली. मग भाचीने स्वतःची मूठ भरून तीही मोजली. दोन्हींत बराच फरक आला. वहीत तिने दोन्ही आकडे लिहून ठेवले आहेत, एकाखाली एक.