गिरणगावातली कबड्डी
मुंबईच्या लालबाग-परळमध्ये माझ्या लहानपणी संध्याकाळी मैदानातून कबड्डीचा दम ऐकू यायचा. कापड गिरणीतली पहिली पाळी सुटली की कामगार थेट मातीत उतरत. संघात चाळीतलीच पोरं, बघायला त्यांचेच शेजारी. गिरण्यांचेही संघ असत. चांगल्या चढाईपटूला तिथे नोकरी मिळे, म्हणून आईबापही खेळायला अडवत नसत. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर ही घडी विस्कटली. बिऱ्हाडं विरार, बदलापूरकडे गेली. लोकलच्या प्रवासात संध्याकाळच संपली.

१९९० मध्ये कबड्डी आशियाई खेळांत पोचली, २०१४ पासून प्रो कबड्डीमुळे घरोघरी टीव्हीवर. याचा मला अभिमान आहे. पण मॅट आणि बुटांचा खर्च लहान मंडळांना जड जातो. बघणारे वाढले, आमच्या गल्लीत खेळणारे घटले. पालिकेने प्रत्येक वॉर्डात कबड्डीसाठी मातीचं एक तरी मैदान राखावं.