अलिबाग-मुरूडमध्ये घर बांधताना एफएसआय कोणता? समजून घ्या

अलिबाग, मुरूड-जंजिरा, श्रीवर्धन या रायगडच्या किनाऱ्यावरच्या नगरपरिषदा. इथे समुद्राजवळ घर बांधायचं तर दोन नियम एकदम पाळावे लागतात.

राज्याचा नियम
डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली (यूडीसीपीआर) लागू झाली. मुंबई महापालिका, माथेरानसारखी गिरिस्थानं अशी काही क्षेत्रं सोडली तर ती राज्यभर चालते. प्रीमियम भरून किंवा टीडीआर वापरून मूळ एफएसआयपेक्षा जास्त बांधकाम करता येतं.

केंद्राचा नियम
मेख इथे आहे. १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार किनाऱ्यालगतच्या शहरी भागात (सीआरझेड-२) त्या तारखेचाच एफएसआय चालतो. तो वाढवायचा तर नगरपरिषदेला राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत केंद्राकडे जावं लागतं. म्हणून एकाच शहरात सीआरझेडबाहेरच्या प्लॉटला नवा एफएसआय, तर समुद्राजवळच्या जुन्या घराला जुनाच.

झोन बदलायचा तर?
एमआरटीपी कायदा, १९६६ च्या कलम ३७ नुसार विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल करता येतो. नगरपरिषद नोटीस काढते, हरकती मागवते, सुनावणी घेते; अंतिम मंजुरी राज्य सरकारची. हरकतीची मुदत एक महिना. तुमच्या गल्लीचा झोन बदलत असेल तर बोलायची वेळ हीच.