दुरुस्तीचा इतिहास : चांद्याच्या रानातील जीप

चंद्रपूरच्या परकोटाची गोष्ट सांगताना आपण गोंड राजांपासून आरंभ करतो. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर ही वेशींची नावे आपल्याला पाठ असतात. परकोट कोणी बांधविला हे आपण मुलांना सांगतो. पण शेकडो पावसाळ्यांत जे दगड ढासळले ते पुन्हा कोणी बसविले, असे मुलाने विचारले तर आपण गप्प बसतो. बांधविणाऱ्याचे नाव राहते, सांभाळणाऱ्याचे राहत नाही. हीच गोष्ट आज आम्हांला एका मोटारगाडीच्या निमित्ताने मांडावयाची आहे. आम्ही पदवीधर नाही. खाणीच्या फाटकावरच्या सभा आणि गावातले वाचनालय, एवढेच आमचे विद्यापीठ. श्रोत्यांनी तेवढ्याच अपेक्षेने ऐकावे.

आमच्या घरामागच्या पडवीत १९६० नंतरच्या दशकातील एक पेट्रोल जीप उभी आहे. भंगारवाल्याकडून ती आणली तेव्हा तिच्या टाकीत गंज होता आणि बैठकीखाली उंदरांचा संसार. एका वृद्ध मिस्त्रींच्या हाताखाली राबून आम्ही ती पुन्हा चालती केली. पाहायला येणारे विचारतात, कंपनी कोणती, साल कोणते? साठ वर्षे हिला जिवंत कोणी ठेवले, हे अद्याप कोणी विचारलेले नाही.

जीपचा जन्म युद्धातला. १९४० मध्ये अमेरिकेच्या लष्कराने हलक्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीची मागणी केली. बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना उभा करून दाखविला. पुढे मोठी कामे मात्र विलीज आणि फोर्ड यांना मिळाली. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या बाहेर काढल्या. बँटमच्या वाट्याला दोनतीन हजारच आल्या. ज्याने पहिल्यांदा केले त्याला जग विसरले. जीपच्या इतिहासाची सुरुवातच अशी आहे.

युद्धानंतर विलीजची गाडी महिंद्र बंधूंनी हिंदुस्थानात आणली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुट्या भागांतून तिची जुळणी होऊ लागली आणि पुढच्या दशकात परवान्याखाली तिचे भाग क्रमाक्रमाने येथेच बनू लागले. आमची गाडी त्या वंशातली. लढाईतल्या जीपपेक्षा हिचे बॉनेट उंच आहे, आणि त्याला कारण आहे. जुन्या इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकात बाजूला बसत. नव्याचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही वाढले.

आपल्या भागाला ही गाडी का मानवली ते सांगावयास नको. १९६४ पर्यंत ज्याला चांदा म्हणत तो जिल्हा वरोऱ्यापासून थेट सिरोंच्यापर्यंत पसरलेला होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा झाला. आल्लापल्लीचे सागवान, बल्लारपूरच्या कागद गिरणीला लागणारा बांबू, भूगर्भातला कोळसा, या सगळ्यांसाठी साहेबलोकांना रानात जावे लागे, आणि रस्ते होते थोडे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट अजूनही बंद पडते. अशा वाटांवर लो गिअर टाकून चिखलातून निघणारी जीप हीच वनखात्याची, खाणीची आणि दवाखान्याची गाडी झाली.

पण गाडी बंद पडली तर? मुंबईचा माल येईपर्यंत रानात थांबणे कोणाला परवडणार? तेव्हा लोहार, लेथवाला आणि मिस्त्री हे तिघे मिळून कंपनी होत. वैशाखात येथे पारा ४६-४७ अंशांवर जातो. त्या उष्म्याने नळीतल्या पेट्रोलची वाफ होई आणि पंप ओढीनासा होई. मग पंपावर ओला फडका गुंडाळून गाडी पुढे नेत. कमानीचा पाटा तुटला तर दुसऱ्या गाडीचा कापून बसवीत. पेट्रोल महाग झाले तेव्हा कित्येक जीपगाड्यांच्या पोटात डिझेल इंजिने बसविली गेली. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, मालक बदलले. पण आम्ही जी जी लॉगबुके पाहिली त्यांत साहेब कोठे गेले, किती मैल गेले, किती पेट्रोल जळाले, हे सारे आहे. दुरुस्ती कोणी केली, यासाठी रकाना नाही.

आता अशी गाडी घरी सांभाळणे म्हणजे काय, ते सांगतो. आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावले, "भाऊ, गाडीले आधी आयका, मंग पाना लावा." आम्ही तो नियम केला. महिन्यातून दोनदा इंजिन चालवून कान द्यावयाचा. पॉइंटची फट वीस हजारांश इंच, प्लगची तीस हजारांश. कोळशाच्या धुळीच्या गावात हवा गाळणाऱ्या भांड्यातले तेल वरचेवर बदलावयाचे. रेडिएटरमध्ये बोअरचे खारे पाणी घालावयाचे नाही, कारण आत क्षार धरतो. अलीकडच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुने रबर खाते आणि पाणी ओढून घेते. म्हणून पंपाचा पडदा व नळ्या नव्या जातीच्या रबराच्या बसविल्या, आणि टाकी फार दिवस अर्धी रिकामी ठेवीत नाही. ब्रेकची नळी तर दर खेपेस हाताने चाचपून पाहावयाची. या गाडीत चारही चाकांना एकच तेलाची वाट आहे. एका ठिकाणी गळती झाली की चारही ब्रेक गेले. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरावयाचे नाही, ठोकळे लावल्यावाचून तर नाहीच नाही.

एवढे शिकलो, तरी एक चूक आमच्या हातून झालीच. डायनॅमो ज्यावर बसतो ते ब्रॅकेट कंपनीचे नव्हते. कोणीतरी जाड पत्रा कापून, कानशीने घासून दोन तुकड्यांत ते केलेले होते. दोन्ही तुकड्यांच्या कडेला पंचने मारलेले तीन तीन ठिपके होते. आम्हांला तो ओबडधोबडपणा वाटला. आम्ही ते घासून गुळगुळीत केले, रंगविले आणि चमकदार करून बसविले. पाच मैलांत पट्टा सरकून तुटला. पुन्हा बसविला, पुन्हा तुटला. उस्ताद आले, ब्रॅकेटवरून अंगठा फिरविला आणि विचारले, "ठिपके कुठी गेले?" दोन तुकड्यांचे ठिपके समोरासमोर आले की पट्टा सरळ धावे. कारागिराने आपली सही केलेली नव्हती. पुढे कधीतरी हे खोलील त्या अनोळखी माणसासाठी त्याने निरोप ठेवला होता, आणि तो निरोप आम्ही कानशीने पुसला. आयुष्यभर मजुरांची नावे हजेरीपटावर यावीत म्हणून भांडलो, आणि घरच्या पडवीत एका मजुराची खूण आमच्याच हाताने नाहीशी केली. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही.

जुन्या गाड्यांसंबंधी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदविता येते, तिला वेगळा क्रमांक मिळतो. नियम वाईट नाही. मूळ वस्तू ओळखता आली पाहिजे. पण आपल्या रानात ज्या जीपगाड्यांनी सर्वांत जास्त काम केले, त्यांतल्या कितीतरी या व्याख्येत बसणार नाहीत, कारण काम करण्यासाठीच त्या बदलाव्या लागल्या. म्हणून काही मंडळी हौसेने स्थानिक हातांनी केलेला प्रत्येक भाग उपटून टाकतात आणि बाजारातून ‘असली’ भाग आणतात. ब्रेक, स्टिअरिंग, चासी येथे धोका असेल तर जुना भाग जरूर काढावा. जिवाशी खेळ नको. परंतु जो भाग पन्नास वर्षे काम देत आला, तो कंपनीचा नाही एवढ्यासाठी खोटा कसा ठरतो? कारखान्यात गाडी एकदा बनली. चांद्यात ती पुन्हा पुन्हा बनविली गेली. दोन्ही बनविणे खरेच आहे.

आम्ही ते ब्रॅकेट काढले नाही. उस्तादांनी पट्ट्याची रेघ धरून तुकडे जुळविले आणि पंच आमच्या हातात दिला. ठिपके आम्ही पुन्हा मारले. गाडीत आता एक वही असते. कोणता भाग कधी बदलला, कोणाच्या हाताने, जुना का काढला, हे तिच्यात लिहितो. पहिल्या पानावर उस्तादांचे नाव आहे. त्यांना लिहिता येत नाही म्हणून शेजारी अंगठा आहे. ब्रॅकेटच्या नोंदीपुढे नावाची जागा कोरी सोडली आहे.

श्रोतेहो, प्रत्येकाच्या घरी जीप नसेल. शिवणयंत्र असेल, ऑइल इंजिन असेल, आजोबांची सायकल असेल. ती दुरुस्त करणारा अजून गावात असेल तर उद्याच त्याच्याकडे जावे, त्याचे नाव विचारावे आणि लिहून ठेवावे. आमचे उस्ताद ऐंशीच्या पुढे गेले आहेत. त्यांना निवृत्तिवेतन नाही, आणि त्यांच्या कानाने ऐकणारा दुसरा कोणी आमच्या पाहण्यात नाही.