लिस्बनच्या भिंतीआड

लिस्बनला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या हातात टूर कंपनी जी यादी ठेवते, तिच्यात पहिलं नाव बेलेंच्या मनोऱ्याचं आणि दुसरं जेरोनिमोस मठाचं असतं. दोन्ही पाहावेतच. सोळाव्या शतकात आपल्याकडच्या मसाल्यावर गब्बर झालेल्या राजसत्तेची ती श्रीमंती आहे. मठाच्या बांधकामाला तर मसाल्याच्या व्यापारावर बसवलेल्या कराचाच पैसा आला. पण मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. सगळी नोकरी तडकलेल्या, कललेल्या आणि पडायच्या बेतात असलेल्या इमारतींपुढे उभं राहण्यात गेली. त्यामुळे जुन्या शहरात गेले की ‘किती देखणं’ असं वाटायच्या आधी ‘हे अजून उभं कसं’ हाच प्रश्न मनात येतो. लिस्बनमध्ये या प्रश्नाचं उत्तर रस्तोरस्ती मिळतं. ही परीक्षा या शहराने एकदा दिली आहे, आणि निकाल अजून फळ्यावर आहे.

१ नोव्हेंबर १७५५. शनिवार, ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण. सकाळचे साडेनऊ वाजून गेलेले, चर्चं माणसांनी गच्च भरलेली, वेदीपुढे मेणबत्त्या पेटलेल्या. अटलांटिकच्या तळाशी भूकंप झाला. त्याची तीव्रता आजचे अभ्यासक साडेआठ किंवा त्याहून जास्त मानतात. जमीन काही मिनिटं थांबून थांबून हलत राहिली. जे वाचले ते मोकळी जागा म्हणून तेजू नदीच्या काठाकडे धावले, आणि सुमारे चाळीस मिनिटांनी समुद्राच्या लाटा नदीमुखातून आत शिरल्या. पडलेल्या मेणबत्त्या आणि चुलींनी आगी लावल्या. त्या कित्येक दिवस विझल्या नाहीत. मृतांचे अंदाज दहा हजारांपासून चाळीस हजारांच्याही वर जातात. काठावरचा रिबेरा राजवाडा आणि त्यातला सत्तर हजार ग्रंथांचा संग्रह गेला. त्याच वर्षी वसंतात सुरू झालेलं नवंकोरं ऑपेरागृहही गेलं. राजा जुझे पहिला आणि त्याचं कुटुंब पहाटेची प्रार्थना उरकून बेलेंला गेलं होतं, म्हणून बचावलं. राजाने मात्र दगडी छताची इतकी धास्ती घेतली, की पुढे तो आजुदाच्या टेकडीवर तंबूत आणि लाकडी वाड्यातच राहिला.

काय पडलं आणि काय राहिलं, हे नशिबावर सोडून चालत नाही. बायशा हा शहराचा सखल मध्यभाग नदीच्या गाळावर आणि भरावावर बसलेला. अशी जमीन हादरे वाढवते. तिथलं जवळजवळ सगळं गेलं. शेजारच्या टेकडीवरची अल्फामाची जुनी वस्ती पक्क्या जमिनीवर असल्याने पुष्कळशी टिकली, म्हणून तिचे बोळ आजही वाकडेतिकडे आहेत.

कार्मुचा मठ मात्र टेकडीवर असूनही पडला. १३८९ मध्ये सुरू झालेलं हे गॉथिक काम: उंच खांब, त्यावर दगडी घुमटी छत, म्हणजे सगळं वजन माथ्याला. आज त्याच्या मधल्या दालनात उभं राहिलं की डोक्यावर फक्त कमानी दिसतात, आणि दोन कमानींच्या मध्ये आकाश. भूकंपाचे अवशेष म्हणून सगळे या कमानींचा फोटो काढतात. खरं तर त्यातल्या पुष्कळशा भूकंपानंतरच्या आहेत. मठवासीयांनी १७५६ पासून पुन्हा बांधायला घेतलं. १८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले आणि काम तिथेच थांबलं. पुढच्या पिढीला छत नसलेली वास्तूच आवडली, म्हणून कोणी छत घातलं नाही. १८६४ पासून तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे.

न पडलेल्यात माझी आवडती वास्तू आल्कान्तारा दरीवरचा जलसेतू. आग्वाश लिव्रेश या पाणीयोजनेचं काम १७३१ मध्ये ठरलं. लोकांच्या रोजच्या दारू, तेल आणि मांसावर कर बसवून पैसा उभा केला. १७४८ मध्ये शहरात पाणी आलं. दरी ओलांडायला ३५ कमानी, लांबी ९४१ मीटर, आणि सर्वांत उंच कमान ६५ मीटर. भूकंप झाला तेव्हा हे काम जेमतेम सात वर्षं जुनं होतं, आणि ते उभं राहिलं. वरच्या अरुंद वाटेवरून चालता येतं. खाली आता मोटारींचा रस्ता आणि रेल्वे आहे.

या पाणीयोजनेवर काम केलेला एक माणूस पुढच्या सगळ्या गोष्टीच्या मध्यभागी आहे: मानुएल दा माया. सैन्याचा मुख्य अभियंता, वय ७८. सरकारी दप्तरखान्याचा प्रमुखही तोच होता. किल्ल्यातला दप्तराचा बुरूज कोसळल्यावर या म्हाताऱ्याने ढिगाऱ्यातून कागद काढून लाकडी खोपटात हलवले. आज लिस्बनच्या तोर्रे दु तोंबुत जुनी कागदपत्रं वाचता येतात ती त्याच्यामुळे. मग डिसेंबरपासून त्याने एक टिपण लिहायला घेतलं: शहर होतं तसं बांधावं, रस्ते रुंद करून बांधावं, घरांची उंची कमी करावी, सगळं पाडून नव्याने आखावं, की जागाच बदलावी? पर्याय आणि त्यांचे तोटे, दोन्ही मांडलेले. मंत्री सेबाश्तियांव जुझे द कार्वाल्यु, म्हणजे पुढचा मार्किस पोंबाल, याने बायशा पूर्ण सपाट करून नवी आखणी करायचा पर्याय उचलला. नकाशे एउजेनिउ दुश सांतुश आणि हंगेरीहून आलेला कार्लुश मार्देल यांनी काढले. याच काळात पोंबालने देशभरच्या धर्मगुरूंना प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ जाणवला, समुद्र आधी चढला की ओसरला, घरं किती पडली, पुढचे धक्के किती? ज्या काळात प्रवचनांमधून देवाच्या कोपाची चर्चा चालली होती, त्या काळात हे प्रश्न विचारले गेले. त्यांची उत्तरं आजचे भूकंपशास्त्रज्ञही वापरतात.

नव्या घरांच्या भिंतींत जे घातलं त्याला तिथे ‘गायोला’, पिंजरा, म्हणतात. तळमजला दगडी, कमानींचा. त्यावरच्या मजल्यांच्या आतल्या भिंतींत लाकडी सांगाडा: उभे खांब, आडव्या पट्ट्या आणि प्रत्येक चौकटीत फुलीसारखे दोन तिरके वासे, मधल्या खाचेत एकमेकांत बसवलेले. पोकळीत दगड-विटांचे तुकडे आणि चुना भरून वर गिलावा. धक्का बसला की चुना तडकतो, भराव सैल होतो. फुली मात्र चौकटीला तिरकी होऊ देत नाही. दोन घरांमधली भिंत छपराच्या वर काढली, म्हणजे आग शेजारी उडी मारणार नाही. खिडक्या-दारांची मापं ठरवून दिली, त्यामुळे सुटे भाग आधी घडवून आणता आले.

हे मी जरा जास्तच निरखून पाहिलं, त्याला कारण किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, तो भूकंप झाला तेव्हा मी नोकरीला नवी होते. घरांच्या पाहणीला उमरग्याच्या बाजूला पाठवलं होतं. तिथली खणाची घरं: लाकडी खांब, तुळया आणि वर मातीचं जड माळवद. भिंती दोन-दोन फूट जाड, दगडाच्या, पण मातीत रचलेल्या. आतला आणि बाहेरचा थर सांधणारा आरपार दगड नाही. त्या भिंती फुटून माणसांवर आल्या. कित्येक घरांत भिंती चारी बाजूंनी गेलेल्या आणि लाकडी खण माळवदासकट तसेच उभे, हे मी डोळ्यांनी पाहिलं. लोकांनी दगडालाच दोष दिला आणि साहजिकच पुन्हा दगडी घरात झोपायला तयार होईनात. आपल्या सुतारांकडे चौकट होती; भिंत तिला बांधलेली नव्हती आणि तिरका वासाही नव्हता. लिस्बनने त्याच चुना-दगडाने पुन्हा बांधलं, फक्त भिंतीच्या पोटात ही फुली घालून.

गायोलाचा खरा शत्रू मात्र भूकंप नाही. ती गिलाव्याआड असते, दिसत नाही. म्हणून दुकान मोठं करायला, नळ घालायला, लिफ्ट बसवायला लोक ती कापतात. विसाव्या शतकात बायशात हे सर्रास झालं. तिथले अभियंते यावर बरंच बोलतात. मला आपल्या सोसायट्यांमधले कॉलम तासून कपाटं बसवणारे आठवले.

लिस्बनला गेलात तर माझा क्रम असा. आधी जलसेतू, मग कार्मु, मग रुआ औगुश्ताने चालताना मान वर करून छपरांवरच्या त्या आगभिंती शोधा. मग रुआ दुश कुर्रेएइरुशला वळा. तिथे एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन करून ठेवलेली जागा आहे. मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं, म्हणून आधी वेळ ठरवून घ्या. खाली मासे खारवायच्या रोमन टाक्या आहेत. त्यांच्याच वर पोंबालच्या काळातला पाया: गाळात ठोकलेले पाइनचे आखूड खुंट आणि त्यावर टेकलेली भिंत. हे लाकूड अडीचशेहून अधिक वर्षं टिकलं ते भूजलात बुडालेलं असल्यामुळे. पाण्याची पातळी खाली गेली आणि हवा लागली की ते कुजायला लागेल, म्हणून बायशाखालच्या पाण्यावर लक्ष ठेवावं लागतं. बरेच जण टाक्यांपाशीच रेंगाळतात. तुम्ही मार्गदर्शकाला खुंट दाखवायला सांगा.