सोडून दिलेला खाटीक

खाटीक पक्षी आपल्याकडे गावाबाहेर पडलं की तारेवर बसलेला दिसतोच. त्याचा एक लांबचा आफ्रिकन नातेवाईक गेले दोन वीकेंड माझ्या डोक्यात बसलाय, मंडळी.

१९८८ साली सोमालियातल्या बुलो बुर्ती गावात, एका हॉस्पिटलच्या आवारात, तो पहिल्यांदा दिसला. काळा-पांढरा, गळ्याकडे पिवळसर झाक. अगदी तसा दुसरा कुणाच्या पाहण्यात नव्हता. १९८९ मध्ये त्याला पकडलं. आता जुनी रीत अशी, की नवी प्रजाती जाहीर करायची तर पक्षी मारायचा आणि त्याचं कातडं म्युझियमच्या खणात ठेवायचं. पण हा शेवटच्या काहींपैकी एक असला तर? संशोधकांनी रक्त आणि पिसं घेतली, वर्षभर त्याला सांभाळलं आणि १९९० मध्ये सोमालियातच सोडून दिलं. १९९१ मध्ये डीएनएच्या आधारावर नाव जाहीर झालं, 'लॅनिएरियस लिबेराटस'. लिबेराटस म्हणजे मुक्त केलेला. मला तर हे वाचून टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या!

सगळ्यांना नाही वाटल्या. नमुनाच नाही तर पुढच्यांनी पडताळायचं कशावरून, असा वाद पेटला. प्रश्न रास्त होता. शिवाय त्याच वर्षी सियाद बारेंचं सरकार कोसळलं, देश यादवीत गेला. तिथे जाऊन दुसरा शोधणार कोण?

(आपल्या पुण्याशीही याचा धागा आहे बरं का. इथल्या एका संस्थेतले खगोलशास्त्रज्ञ रमणा अत्रेय यांनी २००६ मध्ये अरुणाचलातला बुगुन लिओसिकला असाच, न मारता, फोटो आणि पिसांवरून जाहीर केला.)

मग २००८ उजाडलं. डीएनएची नव्याने, जास्त नातेवाइकांशी तुलना झाली आणि कळलं, की ही वेगळी प्रजाती नव्हतीच. सोमालियातल्याच आधीपासून माहीत असलेल्या 'लॅनिएरियस एर्लांगेरी'चं ते वेगळ्या रंगाचं रूप. आमच्या भाषेत, डुप्लिकेट रेकॉर्ड. यादीतून डिलीट.

माझा हिरमोड झाला, खोटं कशाला बोलू. पण मग वाटलं, मारला असता तर एका रंगाच्या फरकासाठी मारला असता. आणि चूक पकडली ती जिवंत सोडलेल्या त्याच पक्ष्याच्या डीएनएने. २००८ च्या लेखाच्या लेखकांत कोपनहेगनचे यॉन फ्येल्डसो आहेत. १९९१ च्या लेखावरही त्यांचं नाव होतं.