एक नाव, दोन लेखने : कल्याणचे दानलेख आणि संगणकावरील पत्ता

कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणचे व्यापारी आणि उपासक पुनःपुन्हा भेटतात. कुणी लेणे कोरविले, कुणी पाण्याची पोढी दिली. परंतु त्यांच्या गावाचे नाव सर्वत्र एकसारखे कोरलेले नाही. कोठे 'कलियण', तर कोठे 'कलिअण'. जुन्नरला पोढी दान देणारा सुवर्णकार सघक हाही कल्याणचाच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात हेच बंदर 'कल्लिएन' होते. ही सर्व रूपे एका गावाची आहेत हे अभ्यासकांनी ओळखले नसते, तर हे दानकर्ते निरनिराळ्या गावांत विखुरले गेले असते आणि कल्याणच्या उपासकवर्गाचा इतिहास आपल्या हाती लागला नसता.

माणूस हे ओळखतो. यंत्र ओळखत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील कमानी आणि जयंतीचे फलक पाहावेत. कोठे 'बुद्ध' आहे, कोठे 'बुध्द'. यातील दुसरे रूप अशुद्धच होय. महाप्राण व्यंजनाचे द्वित्त होताना अल्पप्राण आधी येतो, हा पालीचा नियम आहे. संगणकाच्या जुन्या टंकांनी ही चूक वाढविली असावी. फलकावर ती खपते, कारण वाचणारा बरोबरच वाचतो. पण ऑगस्ट २०१४ मध्ये 'डॉट भारत' ही नागरी डोमेन नावे सुरू झाली. असे नाव यंत्राच्या आत रोमन संकेतमालेत बदलले जाते, आणि 'बुद्ध' व 'बुध्द' यांच्या संकेतमाला वेगळ्या निघतात. ही दोन रूपे एकमेकांस बांधलेली नसतील, तर एखाद्या विहाराच्या नावाचे दुसरे रूप कोणीही परका घेऊ शकेल, आणि आपला उपासक दान देण्यासाठी त्याच्या दारी जाईल.

चिनी लिपीपुढे हाच प्रश्न अधिक बिकट होता. १९५६ पासून मुख्य भूमीवर सुलभ अक्षरे आली; तैवान व हाँगकाँगमध्ये परंपरागत अक्षरे टिकली. खुद्द 'बुद्ध' या अर्थाच्या चिनी अक्षराचे जपानमध्ये निराळे, आखूड रूप रूढ आहे. चीन, तैवान, जपान व कोरिया येथील डोमेन नोंदणीसंस्थांच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. एखादे नाव मागितले गेले की कोष्टकावरून त्याची पर्यायी रूपे काढावयाची आणि तो सारा गठ्ठा एकाच धारकाकडे ठेवावयाचा. काही रूपे चालू, उरलेली राखीव. २०१० मध्ये 'चीन' हे अंत्यपद दोन्ही लेखनांत मान्य झाले.

चिनी रूपे दोन्ही शुद्ध आहेत, आपल्याकडील एक अशुद्ध. म्हणून शुद्धलेखनाचे अभिमानी कुरकुरतील. माझे मत निराळे आहे. नोंदणी म्हणजे व्याकरणाची परीक्षा नव्हे. विहारांनी दोन्ही रूपे स्वतःच्या नावे नोंदवावीत आणि अशुद्ध रूपावरून येणारास शुद्ध पत्त्यावर आणून सोडावे. लेण्यांतील ब्राह्मी लेखांत द्वित्त दाखवीत नसत, तेथे 'बुद्ध' हा 'बुध' असाच कोरला जाई. ते तिसरे रूप मात्र आज घेण्याचे कारण नाही; वाचणारास त्यात वारच दिसेल.