फर्मा मोजा, मग वाचा

पूर्णा गावात छापखाना म्हटलं की लग्नपत्रिका आठवते. पण जुन्या पुस्तकांवर संशोधन करायचं, तर छापखान्याचे दोन शब्द आधी शिका.

पहिला, खिळे. गणपत कृष्णाजींचं १८३१ चं पंचांग शिळाछाप, म्हणजे दगडावरून उतरलेलं हस्ताक्षर. जावजी दादाजींच्या निर्णयसागरात (१८६९) शिशाचे खिळे जुळवत. त्यामुळे शिळाछापातली चूक बहुधा लेखनिकाची, खिळ्यांतली जुळाऱ्याची.

दुसरा, फर्मा. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घडी घातली की झाला फर्मा. डेमी अष्टमांश पुस्तकात सोळा पृष्ठांचा. अनेक पुस्तकांत पृष्ठ १७, ३३ च्या तळाशी बारीक २, ३ दिसतात, ते फर्म्यांचे आकडे. दोननंतर थेट चार आला, तर थांबा. प्रत अपुरी आहे. तिच्यावरून निष्कर्ष काढू नका.